पेपरात अठ्ठ्याण्णव होते

परवा नांदेडच्या एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं. विषय होता, एम.कॉम. अन् एम.बी.ए.ची पोरं अभ्यासात यशस्वी कशानं होतात. माझ्या आधी एक मॅडम बोलल्या. त्यांनी पडद्यावर मोठा गोल दाखवला, त्याचे रंगीत तुकडे, एकात हजेरी, एकात ग्रंथालय, एकात वेळेचं नियोजन, अन् एक हिरवा तुकडा होता त्यात काय लिहिलंय ते मला मागून दिसलं न्हाई. पोरं मान डोलवून राहिली होती. माझी पाळी आली तर मी म्हटलं, आमच्या टायमाला यश लातूरच्या एसटी स्टँडवर यायचं, अकराच्या सुमाराला, डब्याच्या गाडीनं. सगळे हसले. हे माझं जुनंच दुखणं हाय. मी नक्कल केली की लोकांना खरं वाटतं, अन् खरं बोललो की नक्कल वाटते. तिथं वीस मिनिटं होती, म्हणून मी आवरतं घेतलं. इथं मला कोणी घड्याळ दाखवणार न्हाई.

आमचं घर म्हणजे डाळमिलच्या पाठीमागच्या दोन खोल्या. भिंतीला कान लावायची गरज नव्हती, भिंतच घुमायची. सकाळी मिल चालू झाली की मांडणीवरची ताटं बारीक थरथरायची, तो आमचा गजर. मिल बंद पडली तर मात्र सगळे दचकून एकमेकांकडं बघायचे, काय झालं म्हणून. अण्णा, माझे वडील, मिलच्याच ट्रकवर होते, आठवड्यातून दोनदा घरी, तेबी झोपायला. आई मिलमधे निवडीला होती. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या भुवया पिवळ्या असायच्या. तोंड धुतल्याशिवाय ती कोणाशी बोलायची न्हाई, अन् तोंड धुतल्यावर थांबायची न्हाई. जेवायला ज्वारीची भाकरी, लसणाचा ठेचा, अन् फुटक्या डाळीचं वरण. सबंध डाळ आमच्या घरात पाहुणे आल्यावर शिजायची. मला अजूनबी सबंध डाळीचं वरण परक्यासारखं लागतं, खरं सांगतो.

मी तिथं बसून एम.कॉम.चा अभ्यास करायचो, म्हणजे बिराजदार सरांचा आवाज काढायचो. बिराजदार सर आम्हाला कॉस्टिंग शिकवायचे. शिकवायचे म्हणजे नोट्स सांगायचे. त्या नोट्स लातूर जिल्ह्यात प्रसिद्ध. एकवीस प्रश्न, एकवीस उत्तरं, वर्षानुवर्षं तीच. सर डोळे मिटून सांगायचे, तेबी विरामचिन्हांसकट. "शंभर क्विंटल तूर प्रक्रियेत टाकली, स्वल्पविराम, नॉर्मल लॉस पाच टक्के, स्वल्पविराम, प्रत्यक्ष उत्पादन नव्वद क्विंटल, पूर्णविराम. पुढं घ्या." आमची पोरं ते गणित पाठ करायची. गणित, आकड्यांसकट, पाठ. पेपरात तूर दिसली रे दिसली की हात आपोआप नव्वद लिहायचा. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटणार न्हाई, पण मी शपथेवर सांगतो, आमच्यातल्या एकाला सरांच्या नोट्समधली खाडाखोडबी पाठ होती.

तर मी एका संध्याकाळी घरात हेच चालवलं होतं. छाती पुढं, डोळे बंद, गळा खाकरून, "नॉर्मल लॉस पाच टक्के, स्वल्पविराम." आई भाकरी थापून राहिली होती. तिचा हात थांबला.

"पाच टक्के काय?"

"घट, आई. तुरीची डाळ करताना जी जाणारच ती."

"पाचच?" आई म्हणली. "मग साल कुठं गेलं? चुरी कुठं गेली? पावडर उडती ती काय तुझ्या सरानं खाल्ली?"

"पुस्तकात असतं तसं."

"क्विंटलमागं सत्तर-बाहत्तर किलो डाळ निघाली की मालक पेढे वाटतो. तुझं रोजचं ते नव्वद कोणी सांगितलं तुझ्या सराला? आण इकडं त्या सराला एक दिवस निवडीला."

ती बोलली अन् मला पहिल्यांदा ते प्रकरण कळलं. जे जाणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं, ते नॉर्मल. साल जाणारच, त्याचं कोणी रडत न्हाई. पट्टा तुटला, पोतं उलटलं, माल मातीत गेला, ते अबनॉर्मल. त्याचा जाब द्यावा लागतो. तीन महिने मी ते पाठ करून राहिलो होतो अन् अर्थ भिंतीच्या पलीकडं दिवसभर घुमत होता. मी आईला विचारलं, अन् धरून चाललो त्याच्यापेक्षा जास्त निघाली तर? पुस्तकात त्याला अबनॉर्मल गेन म्हणतात. आई म्हणली, "जास्त निघाली तर मालक खूश होत न्हाई, बाल्या. तो आधी काटा तपासतो. मग आमच्या पिशव्या."

आता स्टँडचं सांगतो. आमचं कॉलेज सकाळचं, साडेदहाला सुटायचं. खेड्यापाड्यातली पोरं लातुरात खोल्या करून राहायची अन् त्यांचे डबे घरून एसटीनं यायचे. पोराची आई गावात कंडक्टरच्या हाती डबा द्यायची, पोरगं इथं उतरवून घ्यायचं. गाडीला कधी उशीर, कधी लई उशीर. रेणापूरचा माणिक रोज तिथं तास तास बसायचा. त्याला सोबत म्हणून मी बसायचो, अन् माझ्या नकला ऐकायला आणखी तिघं. सहावी वैशालीताई. ती बी रेणापूरची, पण ती डब्याला थांबायची न्हाई, परतीच्या गाडीला थांबायची. लग्न झालेलं, पोरगी बालवाडीत, नवऱ्याचं मोबाईलचं दुकान. सासूनं शिकायला परवानगी दिली होती ती मोजून: दोन वर्षं, वर एक दिवस न्हाई. ताईला ज्युनिअर कॉलेजात शिकवायचं होतं. ती सगळ्यांत पुढं बसायची, सगळं लिहून घ्यायची, अन् तिला काहीच कळायचं न्हाई. हे तीच सांगायची.

मी स्टँडवर सरांच्या आवाजात आईची डाळमिल सांगायला लागलो. "शंभर क्विंटल तूर टाकली, स्वल्पविराम. साल गेलं, स्वल्पविराम, रडू नका, पूर्णविराम." लोक हसायचे, चहावालाबी कान द्यायचा. हसता हसता माणिक एकदा म्हणला, "थांब बे, म्हणजे साल फुकट जाणार हे धरूनच डाळीचा भाव ठरतो का?" मी म्हटलं, हाव. त्याचं तोंड असं झालं जसं कोणी खोलीतला दिवा लावला. मग आम्ही एक खेळ काढला. सरांचे नव्वद टाकून द्यायचे, शंभरातले पाच नॉर्मल गेले, पंच्याण्णव यायला पाहिजेत, एवढंच धरायचं. जी गाडी स्टँडात शिरंल तिच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे म्हणजे निघालेली डाळ. गाडी एक्क्याऐंशी आली, चौदा क्विंटल अबनॉर्मल लॉस. गाडी शहाण्णव आली, एक क्विंटल जास्त. गाडी शून्य सात आली तर माणिक म्हणायचा, मिलला आग लागली. बस उभी राहायच्या आत उत्तर पाहिजे. ताई सुरुवातीला लाजायची, पुढं पुढं ती ड्रायव्हरनं ब्रेक दाबायच्या आधी उत्तर द्यायची. एकदा तिची स्वतःचीच रेणापूर गाडी शिरली, तिनं तिच्या नंबराचं गणित सोडवलं अन् मगच पळत जाऊन चढली. मला कोणी आता विचारलं, यश कशानं येतं, तर मी हेच सांगन. कोणीतरी आकडे बदलून दिले पाहिजेत, अन् चुकल्यावर हसायला सोबत पाहिजे. हिरव्या तुकड्यात हे लिहिलेलं असंल तर मी मॅडमची माफी मागतो.

मग अंतर्गत परीक्षा झाली. पेपर सरांनीच काढला, त्याच गणितासकट. आम्ही सोडवून आलो. चार दिवसांनी सरांनी आम्हा सहा जणांना केबिनमधे बोलावलं. टेबलावर आमच्या सहा उत्तरपत्रिका.

"पूर्ण वर्गानं पाच क्विंटल अबनॉर्मल लॉस काढला," सर म्हणाले. "तुम्ही सहा जणांनी तीन क्विंटल गेन काढला. सहाच्या सहांनी. एकसारखं उत्तर, एकसारखं चूक. याला काय म्हणतात?"

मी खिशातून प्रश्नपत्रिका काढली. मला तोवर आठवलंच नव्हतं की सरांच्या नोट्समधे नव्वद हाय. आम्ही नोट्स कधीच्या सोडलेल्या. मी घडी उघडली, बघितलं. उत्पादन अठ्ठ्याण्णव क्विंटल. टाईप करणाऱ्यानं शून्याच्या जागी आठ दाबला होता. पंच्याण्णव यायला पाहिजेत, अठ्ठ्याण्णव आले, म्हणजे तीन जास्त. आमचं उत्तर बरोबर होतं. बाकीच्या वर्गानं पेपर वाचलाच नव्हता, तूर दिसल्यावर नव्वद लिहून मोकळे झाले होते.

"सर, पेपरात अठ्ठ्याण्णव छापलंय. बघा तुम्ही."

"मला पेपर दाखवतो? पेपर मी काढलाय." त्यांनी हात पुढं केला न्हाई. "अन् तुझं स्टँडवरचं नाटकबी मला माहीत आहे. माझ्या नावानं वर्ग घेतो म्हणे."

त्यांनी एक कागद पुढं सरकवला. त्यावर लिहिलेलं, आम्ही एकमेकांचे पाहून लिहिले, पुन्हा असे करणार नाही. खाली सहा नावं. सही केली तर त्या गणिताचे अर्धे मार्क, विषय सुटतो. न्हाई केली तर अंतर्गतला शून्य, कॉपीची तक्रार कमिटीकडं, अन् वर्ष गेलं. माणिकनं माझ्याकडं बघितलं अन् सही केली. बाकी तिघांनी केली. ताईनं पेन हातात घेतलं, खाली ठेवलं, परत घेतलं, अन् केली. मी हात पाठीमागं बांधून उभा राहिलो. सर म्हणाले, उद्या वर्गात सांग काय ते.

स्टँडवर त्या दिवशी कोणी गाड्यांचे नंबर बघितले न्हाईत.

"तू बी करून टाक सही," ताई म्हणली. "एकानं न्हाई केली तर ते सगळंच उकरून काढतील."

"ताई, आपलं बरोबर हाय."

"मला काय करायचंय बरोबर असून? सहीनं मी पास होते, तुझ्या ऐटीनं नापास. तुझं काय जातंय? तू नापास झालास तर घरी तुझी माय वरण वाढंल. माझ्या घरी दार लागंल."

"मग आपण कॉपी केली म्हणून लिहून द्यायचं? आपण?"

"हाव. लिहून द्यायचं. तुला सगळं खेळच हाय, बाल्या. कुणाचाबी आवाज काढतोस, तुला स्वतःचं काय गमवायचं असतं का?"

ती गाडीत चढली अन् खिडकीतून तिनं तोंड फिरवलं.

घरी आलो तर आई भुवया धुऊन बसली होती. मी सगळं सांगितलं, नेहमीसारखे आवाज न काढता. ती म्हणली, "मागं एकदा डाळ जास्त निघाली होती, सांगितलं होतं का तुला? नव्या सुपरवायझरनं सगळ्या बायांच्या पिशव्या तपासायला काढल्या."

"मग तुम्ही काय केलं?"

"बाकीच्यांनी पिशव्या देऊन टाकल्या त्याच्या हातात. मी न्हाई दिली. मी म्हटलं, मी दाखवते. खाली पोतं अंथरलं. डबा काढला, झाकण उघडून ठेवला. पाण्याची बाटली. तंबाखूची डबी. तुझं ते फाटकं पुस्तक होतं बायंडिंगला टाकायचं, त्याचं पान न् पान उलटून दाखवलं. सगळी मिल थांबून बघत होती. त्यालाच म्हणाया लागलं, बस मावशी, बस. मी म्हटलं, बस कसं, अजून हाय की."

तिनं वरण वाढलं. मी म्हटलं, उद्या माझं वर्ष जाईल. ती म्हणली, "जाऊ दे. पण चोर होऊन पास झालास तर ते सर्टिफिकेट मी भिंतीला लावू देणार न्हाई. भिंत माझी हाय." भिंत मिलमालकाची होती, पण हे तिला सांगायची माझी हिंमत झाली न्हाई.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरलेला. सरांनी कागद आणला होता, पाच सह्या असलेला. मला उभं केलं. "काय ठरलं?"

"सर, सही करणार न्हाई. मला फळ्यावर बोलवा. तेच गणित घाला. मी एकटा सोडवतो, कोणाचं बघायला जागाच न्हाई तिथं."

"तू येऊ नको. तू नकलाकार. पाठ करून आला असशील." वर्ग हसला. सर वर्गाकडं वळले. "या सहांतलं दुसरं कोणी आहे का, ज्याला येतं?"

माणिक बूट बघत होता. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात पुढच्या बाकावरून वैशालीताई उठली. पदर खांद्यावरून घट्ट घेतला अन् सरळ फळ्याकडं गेली. का उठली ते तिनं मला लई दिवसांनी सांगितलं. म्हणली, रेणापूर येईपर्यंत गाडीत ते गणित चार वेळा सोडवलं. चारबी वेळा तीनच आलं. मग मला सही केलेल्या हाताची चीड आली.

"बसा तुम्ही," सर म्हणाले. "तुमचं मिटलंय."

"सोडवते सर." तिनं खडू उचलला. शंभर लिहिलं. पाच टक्के गेले, पंच्याण्णव उरायला पाहिजेत. पंच्याण्णवमधला पाच तिनं दोनदा लिहिला. मी ओठ हलवले तर सर म्हणाले, मागून आवाज नको. मी तोंडावर हात ठेवला. तिनं पुढं लिहिलं, प्रत्यक्ष उत्पादन अठ्ठ्याण्णव.

"नव्वद," सर म्हणाले.

"पेपरात अठ्ठ्याण्णव हाय सर."

"नव्वद लिहा."

ताईनं पिशवीतून प्रश्नपत्रिका काढली. सरांना दिली न्हाई. पहिल्या बाकावरच्या पोरीला दिली अन् म्हणली, वाच गं मोठ्यानं. पोरीनं सरांकडं बघितलं, ताईकडं बघितलं, अन् वाचलं. "प्रत्यक्ष उत्पादन अठ्ठ्याण्णव क्विंटल." वर्गात बॅगांच्या चेनी उघडायचा आवाज झाला. सगळ्या वर्गानं पाच दिवसांपूर्वी सोडवलेला पेपर त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. मागून कोणीतरी हळूच म्हणलं, आयला.

सरांनी त्या पोरीच्या हातातून कागद घेतला. चष्मा वर केला, खाली केला. मी त्यांच्या सगळ्या लकबी काढायचो, पण ही नवीन होती, अन् मला ती घ्यावीशी वाटली न्हाई. एवढ्या वर्षांत त्यांनीबी ते गणित परत वाचलं नव्हतं. त्यांचंबी पाठच होतं.

"पाच टक्के घट धरली तर पंच्याण्णव यायला पाहिजेत," ते म्हणाले. "अठ्ठ्याण्णव कसे येतील?"

"जास्त आले सर. जास्त आले तर जास्त आले म्हणून लिहायचं. चोरी म्हणून न्हाई." तिनं फळ्यावर तीन लिहिलं, पुढं अबनॉर्मल गेन, अन् खाली दोन रेघा मारल्या.

"ही टायपिंगची चूक आहे," सर म्हणाले.

"असंल सर. आम्ही छापलेलं सोडवलं."

"ठीक आहे. गणिताचं मी बघतो. पण तुम्ही पाच जणांनी कबुली दिलेली आहे. ती आता खोडता येणार नाही."

मला वाटलं, आता ही रडंल. तिनं खडूचा हात पदराला पुसला अन् सरांच्या टेबलापाशी गेली.

"खोडायचं न्हाईच सर. वहीत खाडाखोड चालत न्हाई, चूक झाली तर दुरुस्तीची नोंद टाकायची, हे तुम्हीच शिकवलं." तिनं कागद स्वतःकडं वळवला अन् सह्यांच्या खाली लिहायला लागली. लिहिता लिहिता मोठ्यानं बोलत होती, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं. "वरील सही मी भीतीने केली होती. कॉपी केलेली नाही. गणित मला येते." खाली तिनं सही केली, या वेळी पूर्ण नाव. माणिक बाकावरून उठला, त्याच्या मागं बाकीचे तिघं. एकेकानं तिच्या खाली तेच लिहिलं. सर बघत राहिले, त्यांनी अडवलं न्हाई.

चौघांचं झाल्यावर ताईनं कागद परत सरांकडं फिरवला अन् पेन त्यांच्यापुढं धरलं.

"दुरुस्तीवर तुमची सही लागती सर."

त्यांनी केली.